प्रोफेसर केळफा

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण हा माणूस त्याआधी रंगमंचावर जादूचे प्रयोग करीत असे, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. फाळके हे आडनाव उलटे वाचले की होते केळफा. ‘प्रोफेसर केळफा’ हेच त्यांचे जादूगाराचे नाव!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलगा मात्र मुंबईचे जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण शिकला. गोध्र्यात स्टुडिओ थाटला आणि प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. त्या पडत्या काळात एका परदेशी जादूगाराकडून ते ही विद्या शिकले. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छापखाना. भागीदारांशी बिनसले, तोही सुटला.

मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ते झपाटले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. पण भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ अनेक दिवस एकेक चौकट टिपली. आमच्या जानेफळच्या बाजारात गारुडी फडक्याआड कोयीतून आंब्याचे रोप काढी. फाळक्यांनी ते फडकेच दूर केले! रोप पडद्यावर डोळ्यांदेखत वाढले आणि पैसे देणारा राजी झाला. बँकेत मी कर्जाची असंख्य प्रकरणे हाताळली, पण तारण म्हणून वाटाण्याचा वेल ठेवणारा कर्जदार काही भेटला नाही. खरे तारण होते ते विम्याची पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. ‘लंकादहन’मधला उडता मारुती, ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनीने साकारलेला कृष्ण हे सारे चमत्कार केळफाच्याच पोतडीतले. स्वयंपाकघर सांभाळून फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाई या जादूगाराच्या खऱ्या साथीदार.

बोलपट आले आणि ही जादू ओसरली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा मानाचा पुरस्कार दिला जातो. रिकाम्या टोपीतून ससा काढणारे पुष्कळ झाले. या माणसाने रिकाम्या खिशातून एक अख्खा उद्योग काढून दाखवला. स्वतःचा खिसा मात्र अखेरपर्यंत रिकामाच राहिला.