पंडिता रमाबाईंचे वक्तृत्व

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्या चलथाणच्या आसपास ऊसतोड कामगारांचे पडाव पडतात. खानदेशातून व डांगातून आलेली ही माणसे दिवसभर कोयता चालवून थकलेली असतात. त्यांच्यापुढे आम्ही सुवार्ता सांगायला उभे राहतो, आणि थोड्याच वेळात निम्मे श्रोते पेंगू लागतात. मग त्यांची अंतःकरणे कठीण आहेत असे म्हणत आम्ही घरी परततो. पण दोष ऐकणाऱ्याचा की बोलणाऱ्याचा? हा प्रश्न पडला म्हणजे आम्हांला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगत असे. देवळात किंवा नदीकाठी बसून मूळ संस्कृत वाचायचे व येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याचा अर्थ उलगडून सांगायचा, यावर त्यांचा चरितार्थ चाले. रमाबाईंची वाणी घडली ती अशी. लोक उठून गेले तर पदरात काही पडत नसे! दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत 1878 साली त्या कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या 20 वर्षांच्या होत्या.

1882 साली, पतिनिधनानंतर, त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. तेथे त्यांनी पांडित्य दाखविले नाही. स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरांना सांगण्यास लाजतात व त्यामुळे अकाली मरतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, असे त्यांनी मांडले. प्रत्येकाच्या घरात घडणारी गोष्ट त्यांनी पुढे ठेवली, आणि ती खोडून काढणे कोणालाही अवघड होते.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी बालविधवांसाठी साहाय्य उभे केले व 1889 साली मुंबईत शारदासदन काढले. त्याच वर्षअखेर मुंबईत सामाजिक परिषद भरली. विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलण्यास त्या उभ्या राहिल्या तेव्हा मंडपात गलबला होता. असे सांगतात की त्या ओरडल्या नाहीत. सर्वत्र शांतता होईपर्यंत स्तब्ध उभ्या राहिल्या. मग त्यांनी सौम्यपणे सुचविले की, स्त्रीचा आवाज बारीक असला तर नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधी पुरुषांनी तिला कधी दिलीच नाही. दोष श्रोत्यांच्याच पदरात पडला, पण अपमान कोणाचाही झाला नाही.

तथापि वक्तृत्वाने सर्व काही साधते असे नाही. 1893 साली शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत अशी ओरड झाली. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. ज्या पुण्याने त्यांची व्याख्याने ऐकली होती, ते आता ऐकावयास तयार नव्हते. रमाबाईंनी आपला विश्वास झाकून ठेवला नाही, आणि आपले कामही सोडले नाही. 1900 च्या सुमारास छप्पनच्या दुष्काळाने आपल्या या गुजरातेत हाहाकार माजविला, तेव्हा त्यांनी येथून शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात नेऊन सांभाळल्या. त्या उपाशी मुलींना कोणाच्या भाषणाची गरज नव्हती. भाकरी व छप्पर हीच त्यांना समजणारी साक्ष होती.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संस्कृत वाणीसाठी सरस्वती ही पदवी मिळविलेल्या या विदुषीने भाषांतरासाठी मात्र साधी मराठी निवडली, कारण अल्पशिक्षित बायांनाही ते कळावे अशी त्यांची तळमळ होती.

तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, पडावावर जाण्यापूर्वी आपले पाठ केलेले मोठे शब्द घरी ठेवू या. आधी त्या माणसांजवळ बसू, त्यांची मजुरी, त्यांची मुले, त्यांचा ताप यांची विचारपूस करू, आणि हाताने होईल ते करू. मग थोडकेच बोलू.