लुई पाश्चर आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे विष

सुरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पलसाणा लागते. भोवती उसाचे मळे आहेत आणि कापड रंगवण्याच्या गिरण्या आहेत. नंदुरबार, नवापूर व जळगावकडची अनेक मराठी कुटुंबे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने या भागात पोटापाण्यासाठी आली व येथेच स्थिरावली. रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या माणसाला कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी आडवी येते. सकाळी शाळेच्या वाटेवर मुलांच्या मागे तीच कुत्री धावतात. यात काही नवल नाही, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. परंतु यांपैकी एखादे कुत्रे पिसाळलेले असले तर काय होते, याचा विचार करता करता आम्हांला एका माणसाच्या चरित्राची आठवण झाली. ते चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्स देशातील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. पूर्वी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या गावी राहावयास गेले. शाळेत लुई फार हुशार म्हणून गणला जात नसे. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता, आणि आईवडिलांची त्याने काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

१८३१ साली, लुई आठ वर्षांचा असताना, त्या भागात एक पिसाळलेला लांडगा शिरला व त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी उपाय एकच होता. चावलेल्या माणसाला लोहाराच्या भट्टीकडे नेत आणि तापवून लाल केलेल्या लोखंडाने त्याच्या जखमेवर डाग देत. आर्ब्वात असा डाग दिला जात असताना ऐकलेल्या किंकाळ्या त्या मुलाच्या मनातून कधीच गेल्या नाहीत. डाग घेऊनही कित्येक माणसे तडफडून मेली. पन्नास वर्षांनंतर हा मुलगा पुन्हा त्याच रोगाकडे वळणार होता.

पाश्चर डॉक्टर नव्हते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. १८५६ साली लील या शहरात प्राध्यापक असताना, बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडू लागला म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन तपास आरंभला. आंबणे आणि नासणे ही डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीव जंतूंची करणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ठराविक उष्णता दिल्याने हे जंतू मरतात व द्राक्षरस नासत नाही, असे त्यांना आढळले. आज आपल्या दारी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असे छापलेले असते, ते त्यांच्याच नावावरून.

त्यांचे घरगुती आयुष्य सुखाचे नव्हते. पाच मुलांपैकी तीन मुली लहान वयात गेल्या, त्यांतील दोघी विषमज्वराने. १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्यावर अर्धांगवायूचा झटका आला व डावी बाजू कायमची अधू झाली. त्या वेळी ते रेशमाच्या किड्यांवरील रोगाचा शोध घेत होते. अंथरुणावर पडूनही त्यांनी ते काम टाकले नाही. पत्नी मारी त्यांचे टिपण लिहून घेई. ज्या माणसाने स्वतःची लेकरे रोगाला गमावली, त्याने उरलेले आयुष्य रोगाची कारणे शोधण्यात घालवले.

१८७९ साली कोंबड्यांच्या एका रोगावर काम करताना त्यांना असे दिसले की जुने, दुबळे झालेले जंतू टोचले असता कोंबडी मरत नाही, उलट पुढे त्या रोगापासून तिचे रक्षण होते. मे १८८१ मध्ये पुईले-फोर या ठिकाणी मेंढ्यांच्या एका कळपापैकी निम्म्यांना त्यांनी काळपुळीच्या रोगाची लस टोचली आणि नंतर सर्वांना जिवंत जंतू टोचले. जूनच्या आरंभी लोक पाहावयास जमले तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या चरत होत्या, न टोचलेल्या मरून पडल्या होत्या किंवा मरणपंथाला लागल्या होत्या.

यानंतर ते पिसाळण्याच्या रोगाकडे, म्हणजे रेबीजकडे वळले. या रोगाचा जंतू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता. तो विषाणू आहे, हे पुढच्या काळात समजले. पण रोगाचे ठाणे मेंदूत व मज्जारज्जूत असते, हे पाश्चर व त्यांचे सहकारी एमिल रू यांनी ओळखले. त्यांनी तो सशांमध्ये वाढवला. मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला असता दिवसागणिक त्यातील विष कमी होत जाते. सुमारे दोन आठवडे वाळवलेल्या रज्जूपासून सुरुवात करून रोज थोड्या ताज्या रज्जूची मात्रा द्यावयाची, अशी त्यांची रीत होती. या रीतीने त्यांनी कुत्र्यांचे रक्षण करून दाखवले.

६ जुलै १८८५ रोजी एक आई आपल्या मुलाला घेऊन त्यांच्या दारी आली. योसेफ माइस्टर हा आल्सास प्रांतातील नऊ वर्षांचा मुलगा. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावले होते. पाश्चर यांच्यापुढे मोठा पेच होता. माणसावर या उपायाची खात्री झालेली नव्हती. टोचल्यावर मुलगा मेला तर दोष त्यांच्यावर येणार होता. न टोचावे तर मरण जवळजवळ ठरलेले. दोन डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांनी होकार दिला, आणि डॉक्टर ग्रांशे यांनी त्याच सायंकाळी पहिले इंजेक्शन दिले. पुढील दहाबारा दिवसांत तेरा इंजेक्शने झाली. पाश्चर यांना रात्री झोप येत नसे. मुलगा वाचला. मोठा झाल्यावर हाच माइस्टर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत द्वारपाल म्हणून राहिला.

पाश्चर यांच्या प्रयोगांच्या वह्या पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या. कुत्र्यांवरील पूर्वतयारी जगाला वाटत होती तितकी पूर्ण नव्हती, असे त्यांवरून दिसून आले. थोर माणसाचे चरित्र सांगताना हेही सांगितले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात झां-बाप्तिस्त झुपिल हा पंधरा वर्षांचा गुराखी आला. लहान मुलांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी तो एकटा झुंजला होता. चावून सहा दिवस झाले होते, तरी तो वाचला. पण नोव्हेंबरात लुईझ पेलेतिए या दहा वर्षांच्या मुलीला आणले, तेव्हा डोक्याला चावा बसून सदतीस दिवस उलटले होते. फार उशीर झाला आहे हे पाश्चर यांना कळत होते. तरी आईबापांची विनवणी त्यांना मोडवेना. डिसेंबरच्या आरंभी ती मुलगी गेली, आणि अखेरच्या वेळी पाश्चर तिच्या बिछान्याजवळ बसून होते. मार्च १८८६ मध्ये रशियातून लांडग्याने चावलेले एकोणीस शेतकरी आले. त्यांपैकी सोळा वाचले.

लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली पाश्चर संस्था १४ नोव्हेंबर १८८८ रोजी सुरू झाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. हाच दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या संस्थेचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. तेथे काम केलेले वाल्देमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आले व त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस केली. पोटात घ्यावयाची ती इंजेक्शने आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या भीतीने कितीतरी लोक दवाखान्यात जातच नसत. ती लस आता भारतात बंद झाली आहे. आजची लस दंडात किंवा कातडीत देतात आणि चार-पाच वेळांत काम होते.

इतके असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात. त्यांतील सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात, आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही. पण चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. विष मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे चढत असते. त्या अवधीत लसीने त्याला गाठावयाचे, हाच पाश्चर यांच्या शोधाचा गाभा होय.

म्हणून कुत्रे, मांजर किंवा माकड चावले वा नुसते ओरबाडले, तरी प्रथम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल, हळद यांपैकी काहीही लावू नये. भगताकडे जाऊन वेळ दवडू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण तोवर लस थांबवू नये. सांगितलेल्या तारखा एकही चुकवू नयेत.

रोगाचे मूळ कुत्र्यांत आहे, तेव्हा कुत्र्यांनाही लस हवी. गोव्यात गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम झाली आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे रेबीजने एकही मनुष्य दगावला नाही. आपले पाळलेले कुत्रे दरवर्षी टोचून आणणे एवढे तरी प्रत्येक घराला करता येईल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची एक विनंती आहे. एका रविवारी मुलांना ही गोष्ट सांगा. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिले पाजणाऱ्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावे, हे त्यांच्याकडून करवून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, चावा लपवू नये. पुष्कळ मुले मार बसेल या भीतीने घरी बोलतच नाहीत. लुईझच्या बाबतीत सदतीस दिवस हातचे गेले. तसे आपल्या एकाही लेकराच्या बाबतीत होऊ नये. म्हणून आईबापांनाही आमचे सांगणे आहे. मूल रडत येऊन कुत्रे चावल्याचे सांगेल, तेव्हा त्याला रागे भरू नका. त्याचा हात धरा आणि आधी नळाकडे न्या.