विल्बर राइट

विल्बर राइट (१६ एप्रिल, इ.स. १८६७ – ३० मे, इ.स. १९१२) हे अमेरिकन संशोधक व वैमानिक होते. धाकटे बंधू ऑर्व्हिल यांच्यासह त्यांनी इ.स. १९०३ मध्ये इंजिनाच्या शक्तीवर चालणारे व वैमानिकाच्या ताब्यात राहणारे पहिले विमान उडवले. हे यश सर्वश्रुत आहे. त्याआधीची त्यांची ग्लायडरवरील वर्षे तुलनेने कमी परिचित आहेत. उड्डाण करताना एक पंख अकस्मात खाली गेला तर यंत्र कसे सावरावे, हा त्या वर्षांतील एक अवघड प्रश्न होता.

बालपण आणि व्यवसाय

विल्बर यांचा जन्म इंडियाना राज्यातील मिलव्हिलजवळ झाला. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मसंस्थेत बिशप होते. आई सुसान यांना यंत्रकामात गती होती. इ.स. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना काठीचा तडाखा बसून विल्बर यांचे पुढचे दात पडले. येल विद्यापीठात शिकण्याचा बेत त्यानंतर मागे पडला. पुढील काही वर्षे त्यांनी क्षयाने आजारी असलेल्या आईची शुश्रूषा आणि वाचन यांत घालवली. इ.स. १८८९ मध्ये आईचे निधन झाले.

ओहायो राज्यातील डेटन येथे दोघा भावांनी आधी छपाईचा व इ.स. १८९२ पासून सायकलींचा व्यवसाय केला. सायकल आपोआप उभी राहत नाही, स्वार तिला क्षणोक्षणी सावरत असतो. विमानाचा विचार विल्बर यांनी याच दृष्टीने केला. त्या काळातील अनेक संशोधक आपोआप स्थिर राहणारे यंत्र शोधत होते, हे लक्षात घेतले तर या विचाराचे वेगळेपण दिसते.

पंखपीळ

जर्मन संशोधक ओटो लिलिएन्थाल हे ग्लायडरला लटकून आपल्या शरीराचा भार इकडेतिकडे झुकवत तोल सांभाळत. ऑगस्ट १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून त्यांचा अंत झाला. या बातमीने विल्बर यांचे लक्ष उड्डाणाकडे वेधले. केवळ शरीर झुकवून मोठे यंत्र सावरता येणार नाही, असे त्यांचे मत बनले. ३० मे १८९९ रोजी त्यांनी स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणविषयक साहित्य मागवले. पक्षी पंखांची टोके वळवून तोल साधतात, हे त्यांनी पाहिले होते. सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके हातात पिळताना, दुपाखी यंत्राचे पंखही असेच पिळता येतील, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी ५ फूट रुंदीच्या पतंगावर त्यांनी ही युक्ती पडताळून पाहिली.

किटी हॉक येथील प्रयोग

सततचा वारा आणि मऊ वाळू यांमुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील किटी हॉक ही जागा निवडण्यात आली. इ.स. १९०१ पासूनचे प्रयोग जवळच्या किल डेव्हिल टेकड्यांवर झाले. वैमानिक खालच्या पंखावर पालथा झोपे, म्हणून त्याला लिलिएन्थालप्रमाणे धावता येत नसे. पंखांच्या दोन्ही टोकांना एकेक जण धरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावे व यंत्र तरंगू लागताच सोडून देई. हा क्षण नाजूक असे. वेग कमी असताना पंखपिळाचा परिणामही कमी होतो. अशा वेळी वाऱ्याच्या झोताने एक पंख उचलला, तर दुसरा वाळूला टेकण्यास वेळ लागत नाही. आजही ग्लायडर उडवताना पंखाचे टोक धरून एक मदतनीस काही पावले धावतो, त्याचे कारण हेच.

इ.स. १९०१ च्या ग्लायडरने निराशा केली. उचल अपेक्षेपेक्षा फार कमी मिळाली. शिवाय खाली गेलेला पंख वर आणण्यासाठी पीळ दिला, की कधीकधी उलटेच घडे. पिळलेल्या पंखाची उचल वाढे, पण हवेचा रोधही वाढे. तो पंख मागे रेंगाळे आणि यंत्र त्याच बाजूला वळे. एकदा डावा पंख खाली गेला असता विल्बर त्याला सावरण्यात गुंतले, पुढच्या आडव्या सुकाणूकडे दुर्लक्ष झाले, आणि वाळूवर आदळून त्यांच्या चेहऱ्याला दुखापत झाली.

त्या हिवाळ्यात बंधूंनी डेटन येथे लहान वातविवर, म्हणजे हवेचा झोत सोडण्याची लांबट पेटी, तयार करून पंखांचे असंख्य नमुने तपासले. इ.स. १९०२ च्या ३२ फुटी ग्लायडरला त्यांनी मागे दोन स्थिर उभ्या पट्ट्या बसवल्या. उचलीचा प्रश्न सुटला, पंखाचा मात्र नाही. यंत्र कलून घसरू लागले, की खालच्या बाजूची हवा त्या पट्ट्यांवर आदळून शेपूट वर ढकली व तोंड खाली गेलेल्या पंखाकडे फिरे. तो पंख अधिकच मंदावे आणि शेवटी वाळूत रुते. बंधू याला थट्टेने विहीर खणणे म्हणत.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री ऑर्व्हिल यांना उपाय सुचला : स्थिर पट्ट्यांऐवजी फिरते सुकाणू लावावे. विल्बर यांनी त्यात भर घातली. सुकाणूच्या तारा पंखपिळाच्या तारांना जोडाव्यात, म्हणजे वैमानिकावर आणखी एका दांड्याचा भार पडणार नाही. यानंतर शेकडो उड्डाणे सुखरूप झाली. सर्वांत लांब उड्डाण ६२२ फुटांहून अधिक होते. विमानविद्येच्या दृष्टीने इ.स. १९०३ पेक्षा हा महिना कमी महत्त्वाचा मानता येत नाही.

इंजिनासह उड्डाण

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक जिंकून विल्बर यांनी पहिला प्रयत्न केला. यंत्राचे नाक फार उंचावले, वेग सरला आणि साडेतीन सेकंदांत ते खाली आले. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिल यांची होती. विल्बर उजव्या पंखाचे टोक धरून रुळालगत धावले. प्रसिद्ध छायाचित्रात पंखापासून जरा दूर उभे दिसतात ते विल्बरच. हे उड्डाण १२ सेकंदांचे होते. त्या दिवशीचे चौथे व शेवटचे उड्डाण विल्बर यांनी केले : ५९ सेकंद, ८५२ फूट.

पंख खाली जाण्याचा प्रश्न इ.स. १९०५ मध्ये डेटनजवळ हफमन कुरणावर अरुंद वळणे घेताना पुन्हा उभा राहिला. ऑर्व्हिल एका काटेरी झाडावर आदळता आदळता वाचले. नाक खाली दाबताच यंत्र सावरले. वळणात आतला पंख वेग गमावतो, तेव्हा आधी वेग परत मिळवावा लागतो, हे यातून स्पष्ट झाले. ५ ऑक्टोबरला विल्बर यांनी सुमारे ३९ मिनिटांत २४ मैल अंतर कापले.

अखेरची वर्षे

ऑगस्ट १९०८ मध्ये फ्रान्समधील ले माँ येथील प्रात्यक्षिकांनी युरोपातील शंका मिटल्या. पुढील काळ प्रामुख्याने पेटंटच्या खटल्यांत गेला. दोघांनी एकत्र उड्डाण करू नये, असा वडिलांचा आग्रह असे. २५ मे १९१० रोजी एकदाच त्यांनी तशी परवानगी दिली. विल्बर अविवाहित राहिले. विषमज्वराने वयाच्या ४५ व्या वर्षी डेटन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वुडलँड दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले.