नाव नसलेले मूल

१ जानेवारी १८१८ ही तारीख आपल्याकडे कोरेगावच्या लढाईमुळे ठाऊक आहे. पुढे चारच महिन्यांनी, मे महिन्यात, मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला आणि पेशवाईचे उरलेसुरले बळही सरले. नेमक्या त्याच १ जानेवारीला लंडनमध्ये एक कादंबरी तीन भागांत बाजारात आली. प्रती अवघ्या पाचशे. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कवी शेलीची असावी असा तर्क बांधला. प्रत्यक्षात लिहिणारी होती त्याची वीस वर्षांची बायको, मेरी. कादंबरीचे नाव ‘फ्रँकेन्स्टाइन’.

हे नाव आपल्या अग्रलेखांनाही सवयीचे आहे. अणुबाँब असो की अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्ता, माणसाने केलेली वस्तू माणसावर उलटेल अशी भीती वाटली की हे नाव येते आणि पाठोपाठ भस्मासुरही येतो. दोन्ही ठिकाणी थोडी गफलत आहे. फ्रँकेन्स्टाइन हे त्या अक्राळविक्राळ प्राण्याचे नाव नव्हे. ते त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर या विद्यार्थ्याचे आडनाव. प्राण्याला नावच नाही, कारण ठेवायला कोणी थांबले नाही. आणि भस्मासुराची तर कसलीच तक्रार नव्हती. त्याला वर मिळाला, तो माजला, मोहिनीने त्याचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवविला. मेरीच्या कथेतल्या प्राण्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. त्याने डोळे उघडले त्या क्षणी त्याचा निर्माता घाबरून खोलीबाहेर पळाला. पुढच्या साऱ्या खुनांचे मूळ त्या पळण्यात आहे.

विशीही न उलटलेल्या मुलीला हे कोठून सुचले, याचे उत्तर तिच्या आयुष्यात पानोपानी सापडते.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनचा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारी युरोपातली अग्रणी लेखिका. वडील विल्यम गॉडविन हे राजकीय न्यायावर ग्रंथ लिहिणारे विचारवंत. बाळंतपणात वार पूर्ण पडली नाही. डॉक्टरने ती हाताने तुकड्या-तुकड्याने काढली. हात धुण्याचे महत्त्व कळायला वैद्यकाला अजून अर्धे शतक लागायचे होते. अकराव्या दिवशी, १० सप्टेंबरला, आई बाळंतज्वराने गेली. मुलीच्या वाट्याला आईचे नाव आले आणि सेंट पँक्रासच्या दफनभूमीतला आईचा दगड. त्या दगडावरची अक्षरे गिरवीतच ती वाचायला शिकली, असे सांगतात. आपल्या जन्माने आई मारली, ही जाणीव अशा मुलीला कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

वडील पुढे सावत्र आई घेऊन आले. याच दफनभूमीत मेरीची आणि शेलीची भेट होऊ लागली. शेली विवाहित होता, गॉडविनचा शिष्य होता आणि त्याचे पैशाचे आशास्थानही होता. जुलै १८१४ मध्ये, सोळा वर्षांची मेरी त्याच्याबरोबर फ्रान्सला निघून गेली. लग्नसंस्थेवर ग्रंथातून टीका करणाऱ्या बापाने मुलीचे तोंड पाहणे बंद केले. जावयाकडे पैसे मागणे मात्र बंद केले नाही. तरीही ‘फ्रँकेन्स्टाइन’ तिने अर्पण केली ती याच बापाला. टाकलेले मूल टाकणाऱ्याकडेच पुनःपुन्हा वळते, हे तिच्या प्राण्याचेही दुखणे आहे.

फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला दिवस पूर्ण न भरलेली मुलगी झाली आणि दोन आठवड्यांत गेली. तिचेही नाव ठेवलेले नव्हते. काही दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवले: मूल मेलेले नव्हते, नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झाले. मग जाग आली. माझ्या मते कादंबरीचे बी इथे पडले. जिनिव्हाच्या सरोवराकाठचा तो प्रसिद्ध प्रसंग वर्षभर नंतरचा आहे.

तोही सांगायला हवा. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जून १८१६ मध्ये बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, शेली, मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर पावसामुळे घरात कोंडले गेले. भुताच्या गोष्टी वाचून झाल्या. बायरनने प्रत्येकाने एकेक लिहावी असे सुचवले. गप्पांत विजेचा विषय निघे. इटालियन अल्डिनीने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेताला वीज लावून त्याचा जबडा हलवून दाखवला होता, डोळा उघडवला होता. मेरी तेव्हा अठरा वर्षांची, मांडीवर पाच महिन्यांचा विल्यम. लिहिताना, कथेत प्राण्याच्या हातून मरणारा पहिला जीव म्हणजे व्हिक्टरचा धाकटा भाऊ, आणि त्याचे नाव तिने ठेवले विल्यम! ही निवड कोणत्या मनःस्थितीत झाली असेल, याचा विचार केला तरी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

पुस्तक लिहून होईपर्यंत सावत्र बहीण फॅनीने विष घेतले, शेलीची टाकलेली बायको हॅरिएट तळ्यात मिळाली. ३० डिसेंबर १८१६ ला मेरी आणि शेलीचे लग्न झाले.

मराठी वाचकाला या कथेतला प्राणी परका वाटू नये. निर्जीवाला जीव देण्याची गोष्ट आपल्याकडेही आहे. पार्वतीने अंगावरच्या मळाचा मुलगा केला. त्याचे शिर उडाले, दुसऱ्याच प्राण्याचे मस्तक जोडले गेले. जोडकाम तेच, रूप तसेच विचित्र. पण आईने त्याला पोटाशी धरले, बापाने नाव दिले, पहिल्या पूजेचा मान दिला. मेरीचा प्राणी म्हणजे असा गणपती, की ज्याची पार्वती खोलीतून पळून गेली. किंवा कर्ण म्हणा. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतःच्या तोंडाने बोलू लागला आणि मराठी वाचकाने पक्ष बदलला. मेरीने तेच दीडशे वर्षे आधी केले. कादंबरीच्या मध्यावर तिने प्राण्याला वाचा दिली. तो एका गरीब कुटुंबाकडे भिंतीच्या फटीतून पाहत भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, त्या घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा त्याला माणूसच समजतो. डोळस मुले येतात आणि काठीने झोडपतात. १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लोफच्या प्राण्याची वाचाच काढून घेतली गेली. तेव्हापासून जगाला तो फक्त भीतीचा बाहुला म्हणून ठाऊक आहे.

पुढची वर्षे भराभर सांगावी अशीच. मुलगी क्लारा १८१८ मध्ये व्हेनिसला गेली, विल्यम १८१९ मध्ये रोमला. ८ जुलै १८२२ ला शेली समुद्रात बुडाला. त्याचे दहन किनाऱ्यावर झाले. चोविसाव्या वर्षी मेरी विधवा, पदरी एकच मुलगा, पर्सी फ्लॉरेन्स.

इथे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचे लक्ष एका व्यवहाराकडे जाते. सासरा सर टिमथी याने नातवासाठी वार्षिक रक्कम बांधून दिली, पण ती देणगी नव्हती. इस्टेट हाती आल्यावर फेडायची उचल होती. वर अट अशी, की शेलीचे चरित्र छापायचे नाही. तारण म्हणजे जणू तिचे मौनच. सासरा नव्वदीपर्यंत जगला, १८४४ पर्यंत. मेरीने कादंबऱ्या लिहिल्या, चरित्रकोशाची पाने भरली, आणि १८३९ मध्ये शेलीच्या कवितांची आवृत्ती काढताना टिपांमधून त्याचे आयुष्य सांगून टाकले. अट मोडली नाही, वाट काढली.

१८२३ मध्ये लंडनला परतली तेव्हा ‘फ्रँकेन्स्टाइन’चे नाटक रंगभूमीवर गाजत होते. जाहिरातीत प्राण्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. ती तिला फार आवडली. १८३१ च्या आवृत्तीत तिने मजकूर बदलला, व्हिक्टरला नियतीच्या हातचे बाहुले केले, त्याचा दोष सौम्य केला. इतकी मुले पुरल्यावर ते समजण्यासारखे आहे. तरी मला १८१८ चा पाठ अधिक प्रामाणिक वाटतो; तिथे व्हिक्टरला सुटका नाही.

मेरी १ फेब्रुवारी १८५१ ला, त्रेपन्नाव्या वर्षी वारली. बोर्नमथच्या चर्चमध्ये तिला पुरले आणि आईबापांचे अवशेषही सेंट पँक्रासहून तिथे आणून शेजारी ठेवले. वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलाने आणि सुनेने तिची लिहिण्याची पेटी उघडली. आत गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा होत्या, आणि कीट्सच्या मृत्यूवर शेलीने लिहिलेल्या विलापिकेची प्रत. तिच्या पानांत रेशमात गुंडाळलेली थोडी राख होती आणि चितेवर न जळालेल्या हृदयाचा उरलेला तुकडा.