डॉक्टर भाऊ दाजी : घरच्या वैद्याचा धर्म

सराफास आपण तिजोरी दाखवितों, वकिलास दस्तऐवजांची पेटी दाखवितों. पण घरच्या डॉक्टरास सगळेंच घर दाखवावें लागतें. लाज सोडून, पडदा सोडून त्याच्यापुढें दुखणें सांगावें लागतें. एवढा विश्वास ज्याच्यावर टाकावयाचा, त्यानें तो कसा सांभाळावा, हा प्रश्न लहानसहान नव्हे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें कारण हेंच कीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें भर न्यायालयांत उभा राहिला होता.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल लाड, जन्म गोव्यांतला. लहानपणीं बुद्धिबळांतील त्यांची हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थानें मुलास इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांस दिला, आणि भाऊ मुंबईस आले. एल्फिन्स्टन विद्यालयांत ते शिकले व पुढें तेथेंच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडांतील बालहत्येवर त्यांनीं लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळालें. इतकें झाल्यावर दुसरा कोणी नोकरींत स्वस्थ बसला असता. पण १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तेव्हां हा शिक्षक पुन्हां विद्यार्थी झाला, आणि १८५१ सालीं तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडींत त्याचें नांव होतें.

थोड्याच काळांत मुंबईंतील श्रीमंत घराण्यांत भाऊंवांचून औषधोपचार होईनासा झाला. तथापि पेढीवाल्यांच्या माड्यांवर जाणारे हे डॉक्टर गरिबांस विसरले नाहींत. बंधु डॉक्टर नारायण दाजी यांच्यासह त्यांनीं धर्मार्थ दवाखाना चालविला. ज्यास देण्याची ऐपत आहे त्याच्याकडून घ्यावें आणि ज्यास नाहीं त्यास फुकट बरें करावें, हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस सहज समजेल; पण तो जन्मभर पाळणें कठीण आहे.

आतां त्या खटल्याकडे वळूं. करसनदास मुळजी यांनीं आपल्या पत्रांत वैष्णव महाराजांच्या दुराचरणावर कोरडे ओढले. त्यावरून जदुनाथजी महाराजांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६२ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत ती चालली. महाराजांच्या वर्गांत औषधोपचार केलेले डॉक्टर म्हणून भाऊंस साक्षीस उभें राहावें लागलें, व प्रश्न गुप्तरोगाचा निघाला. अशिलानें वकिलास सांगितलेल्या गोष्टीस इंग्रजी कायद्याचें कवच असे, तें रोग्यानें डॉक्टरास सांगितलेल्या गोष्टीस नव्हतें. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेंही तें दिलें नाहीं. म्हणजे बोलणें कायद्यानें भाग होतें. पण कायदा भाग पाडतो तेथेंही स्मरण नाहीं असें म्हणून निसटणारे साक्षीदार आम्हीं वकिलींत पुष्कळ पाहिले आहेत. भाऊंस तर निसटण्याचा मोह मोठा होता. श्रीमंत भाविकांचीं घरें हाच त्यांच्या धंद्याचा आधार. तरीही जें ठाऊक होतें तें त्यांनीं शपथेवर सांगितलें. खटल्याचा मुख्य निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला.

रोग्याचें गुपित चव्हाट्यावर मांडणें हें पाप आहे, यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु धर्माच्या आसनावरून कुलस्त्रियांच्या अब्रूवर घाला पडत असतां न्यायासनापुढें खोटें बोलून त्यावर पांघरूण घालणें, हें गुपित राखणें नव्हे. तें त्या पापांत भागीदार होणें होय.

भाऊंचा दुसरा मोठा उद्योग म्हणजे महारोगावरील औषध. ज्यास आप्तही शिवत नसत, अशा रोग्यांस जवळ घेऊन त्यांनीं कडूकवठीच्या तेलाचे प्रयोग केले व पुष्कळांस गुण आला. मात्र पुरी खात्री होईपर्यंत औषधाची कृति त्यांनीं उघड केली नाहीं, आणि त्याबद्दल त्यांजवर टीका झाली. ती अगदींच अस्थानीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. अर्धवट औषध बाजारांत जाऊं नये, हा हेतु चांगला. पण आयुष्याचा भरंवसा नाहीं, आणि वैद्याची विद्या कागदावर न उतरली तर त्याच्याबरोबर चितेवर जाते. आमच्या देशांत किती घराण्यांतील औषधें अशीं लुप्त झालीं!

याशिवाय १८५२ सालीं निघालेल्या बाँबे असोसिएशनची चिटणिशी, मुलींच्या शाळांस साहाय्य, प्राचीन शिलालेखांचें वाचन व दोनदां मुंबईचें शेरीफपद, इतका भार या एका माणसानें उचलला. १८६५ सालच्या शेअरांच्या घसरगुंडींत इतरांप्रमाणें त्यांचाही पैसा बुडाला. एवढा शहाणा पुरुषही त्या वेडांतून सुटला नाहीं, हें पेढीवर बसणारांनीं ध्यानांत ठेवावें. ३१ मे १८७४ रोजीं ते वारले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या स्थापनेसाठीं ते झटले, त्या भायखळ्याच्या संग्रहालयास १९७५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें.

इमारतीस नांव दिलें, हें योग्यच झालें. पण भाऊंचें खरें स्मारक तेथें नाहीं. गरिबाची नाडी पाहतांना ज्याचा हात आखडत नाहीं, आणि श्रीमंताच्या भीतीनें ज्याची जीभ अडखळत नाहीं, असा एकेक डॉक्टर प्रत्येक पेठेंत निघेल, तेव्हांच तें उभें राहिलें असें आम्हीं म्हणूं.