फ्रेडी लेकर

सर फ्रेडरिक आल्फ्रेड लेकर ऊर्फ फ्रेडी लेकर (६ ऑगस्ट, १९२२ – ९ फेब्रुवारी, २००६) हे ब्रिटिश विमान-व्यावसायिक होते. लंडन व न्यू यॉर्क यांच्या दरम्यान त्यांनी सुरू केलेल्या ‘स्कायट्रेन’ या सेवेमुळे अटलांटिक महासागर ओलांडणारा विमानप्रवास सामान्य उत्पन्नाच्या लोकांच्या आवाक्यात आला.

पूर्वायुष्य

लेकर यांचा जन्म इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. शालेय शिक्षणानंतर ते रॉचेस्टर येथील शॉर्ट ब्रदर्स या विमाननिर्मिती कारखान्यात नोकरीस लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी’ या विमाने पोहोचविणाऱ्या संस्थेत काम केले. १९४७ साली त्यांनी जुन्या विमानांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आरंभिला. १९४८-४९ मधील बर्लिनच्या नाकेबंदीत त्यांच्या विमानांना मालवाहतुकीचे मोठे काम मिळाले. १९६० ते १९६५ या काळात ते ब्रिटिश युनायटेड एअरवेजचे व्यवस्थापकीय संचालक होते. १९६६ साली त्यांनी लेकर एअरवेज ही स्वतःची कंपनी स्थापन केली.

स्कायट्रेन

त्या काळी अटलांटिकपारच्या नियमित सेवांची भाडी कंपन्या आपसांत ठरवीत व सरकारे त्यांना मान्यता देत. चार्टर विमानाने कमी खर्चात जाता येई. परंतु त्यासाठी प्रवासी एखाद्या संस्थेचा किमान सहा महिने सभासद असावा लागे. त्यामुळे केवळ स्वस्त तिकिटासाठी नाममात्र संस्था निघू लागल्या आणि विमानतळावर सभासदत्वाची तपासणी होऊ लागली. यावर उपाय म्हणून लेकर यांनी १९७१ साली एक साधी योजना मांडली: आगाऊ आरक्षण नाही, तिकीट प्रवासाच्या दिवशीच घ्यावयाचे, आणि जेवण हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे.

१९७२ साली मिळालेला परवाना नियमित सेवांच्या हितासाठी सरकारने निष्फळ ठरविला. लेकर न्यायालयात गेले. मंत्र्यांनी दिलेले निर्देश संसदेच्या कायद्याच्या उद्दिष्टांशी विसंगत असल्याचा निर्णय अपील न्यायालयाने डिसेंबर १९७६ मध्ये दिला. ब्रिटिश प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही महत्त्वाचा मानला जातो. १९७७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही सेवेस मान्यता दिली.

२६ सप्टेंबर, १९७७ रोजी गॅटविक विमानतळावरून पहिल्या स्कायट्रेनने उड्डाण केले. लंडनहून एकेरी भाडे ५९ पौंड, तर न्यू यॉर्कहून १३५ डॉलर होते. युरोपात सुटी घालविण्याचा विचार ज्यांनी कधी केला नव्हता, असे अमेरिकी प्रवासीही तिकिटांच्या रांगांत उभे राहू लागले. १९७८ साली लेकर यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

दिवाळखोरी

प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही भाडी उतरविली. १९७९ साली शिकागो येथे दुसऱ्या कंपनीच्या डीसी-१० विमानास अपघात झाल्यावर त्या जातीची सर्व विमाने काही आठवडे जमिनीवर राहिली. स्कायट्रेनची मदार त्यांच्यावरच होती. नव्या विमानांसाठीची कर्जे डॉलरमध्ये होती, उत्पन्नाचा मोठा भाग मात्र पौंडांत. पौंड घसरला, मंदी आली आणि ५ फेब्रुवारी, १९८२ रोजी कंपनी बंद पडली. हजारो प्रवासी परदेशांत अडकले. तरीही अनेक सामान्य नागरिकांनी कंपनी वाचविण्यासाठी स्वेच्छेने पैसे देऊ केले.

मोठ्या विमान कंपन्यांनी संगनमताने लेकर एअरवेज बुडविली, असा दावा अमेरिकेत दाखल झाला. १९८५ साली तो न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला.

प्रभाव

१९८४ साली सुरू झालेल्या व्हर्जिन अटलांटिकचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांना लेकर यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे त्या कंपनीच्या एका विमानास लेकर यांचे नाव देण्यात आले. कमी भाडे व इतर सोयींचे वेगळे शुल्क ही आजच्या स्वस्त विमानसेवांची पद्धत स्कायट्रेनच्या मार्गानेच जाते. ९ फेब्रुवारी, २००६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लेकर यांचे निधन झाले.