डॉ. कमला सोहोनी

पालघर, बोईसर, तारापूर हा समुद्रकाठचा मुलूख ताडांचा आहे. ताडावरून सूर्योदयापूर्वी उतरविलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की ती आंबू लागते व तिची ताडी होते. त्यामुळे पुष्कळांच्या लेखी नीरेला प्रतिष्ठा नव्हती. परंतु याच नीरेत गोरगरिबांचे पोषण करण्याचे सामर्थ्य आहे, हे प्रयोगशाळेत सिद्ध करणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी होत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व चुलते बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. आपणही तेथेच शिकावे, असे कमलाबाईंनी ठरविले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळूरला अर्ज पाठविला.

त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन संस्थेचे संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. वडिलांची रदबदली व्यर्थ गेली. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या व त्यांनी सत्याग्रहाचा निर्धार केला. अखेर प्रवेश मिळाला; पण एक वर्षाचे काम पसंत पडले, तरच मान्यता मिळणार होती. ही अट त्यांच्या मनाला फार लागली. तथापि श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी वर्षभर अखंड परिश्रम केले. ते पाहून रामन यांचे मत पालटले. कमलाबाईंना मान्यता मिळालीच. शिवाय इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. दोऱ्यात मणी ओवावेत, त्याप्रमाणे अमिनो आम्ले एकमेकांस जोडली जाऊन प्रथिनाची साखळी बनते. ही साखळी विशिष्ट रीतीने दुमडते आणि त्या घडणीवरच तिचे कार्य अवलंबून असते. वालासारख्या कडधान्यांत पचनास अडथळा आणणारी काही प्रथिने असतात. उष्णतेने त्यांची घडण विसकटते व त्यांचा जोर ओसरतो. कडधान्ये नीट शिजवून खाण्यात असे शास्त्र आहे.

पुढे कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. पेशींच्या श्वसनास आवश्यक असलेले ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता!

परदेशात मानाची जागा मिळविण्याऐवजी त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक झाल्या. कडधान्ये, तांदूळ व नीरा या गरिबांच्या अन्नावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना हितकर ठरतात, असे त्यांत दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

ज्या दारातून एकदा त्यांना परत पाठविले होते, ते त्यांनी स्वतःपुरतेच उघडून घेतले नाही. आणि आत जाऊन मिळविलेली विद्या त्यांनी गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचविली.